धुतलेली किमची

प्यो गिल-नामला जन्मात एकच पदार्थ करता येत होता, तोही बायकोने अंथरुणावरून शिकवला म्हणून. कालचा भात, मुरून आंबट झालेली किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, आणि घरात सापडेल ते. "आधी किमची चांगली परता, मग भात. उरलंसुरलं काहीही ढकला आत, पण किमचीचा रस घालताना हात आखडता घेऊ नका," बोंग-जा म्हणायची. कोरियातल्या गुनसान शहरात एकतीस वर्षं बस चालवलेल्या या माणसाने ते निमूट ऐकलं. एरवी तो कुणाचं ऐकणाऱ्यातला नव्हता.

त्या नोव्हेंबरात बोंग-जाने स्टुलावर बसून, धापा टाकत चाळीस गड्ड्यांची किमची घातली. डिसेंबरात ती गेली. नंतर महिनोन्महिने गिल-नाम तो भात खात राहिला, कधी डब्यातला मासा घालून, कधी उकडलेला बटाटा, कधी नुसतं अंडं. घास तोंडात गेला की बायको घरातच आहे असं त्याला वाटायचं. डबे रिकामे होत गेले, तसा तो चिक्कू झाला. शेवटी एक गड्डा उरला.

"तो माझ्यासाठी ठेवा, बाबा," उल्सानहून लेक ह्ये-सुक फोनवर म्हणाली. "आईच्या वर्षश्राद्धाला येईन, तेव्हा तुमच्या हातचा भात खाऊ."

त्याने ठेवला. महिनाभर नुसत्या सूपावर काढला, पण त्या डब्याचं झाकण उघडलं नाही.

श्राद्धाच्या दिवशी दुपारीच थोरला भाऊ गिल-सू येऊन बसला. ऐंशी वर्षांचा, आणि रीतीभातींच्या बाबतीत भलताच काटेकोर. पानावर किमचीचा भात ठेवणार, हे ऐकताच त्याने कपाळाला हात लावला.

"अरे, चाळीस वर्षं या घरात श्राद्धं झाली, तू काय झोपा काढत होतास? लाल तिखट आणि लसूण मृतांच्या पानावर चालत नाही. ते दिसलं की आत्मा दारातूनच परत फिरतो."

"दादा, तिला आवडायचं."

"आवडत असेल. उपाशी जाईल बिचारी."

स्वयंपाक नेहमी बोंग-जाने केला होता. गिल-नाम फक्त कोट घालून वाकायचा, पानात काय असतं ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आता मात्र बायको उपाशी परत जाईल, या विचाराने त्याचा जीव खालीवर झाला. तो स्वयंपाकघरात गेला, गड्डा चाळणीत ठेवला आणि नळ सोडला. पान न् पान उलगडून त्याने तिखट चोळून काढलं, लसणाचे कण नखाने वेचले. चार पाण्यांनंतर पानं पांढरी झाली. मग ती चिरून, तेलावर परतून त्याने भात केला. दादाने मान डोलावली.

ह्ये-सुक संध्याकाळी पोचली. तिने पानाकडे पाहिलं, मग मोरीतल्या रिकाम्या डब्याकडे.

"बाबा, हा भात कसला?"

"तुझ्या आईच्या किमचीचा. धुवून घेतली."

दार उघडं ठेवून, दिवा लावून त्यांनी नमस्कार केले, मद्य वाहिलं, आणि बोंग-जाने जेवून घ्यावं म्हणून पाठ फिरवून थांबले. नंतर रीतीप्रमाणे पानातलं सगळ्यांनी वाटून घेतलं.

गिल-नामने पहिला घास घेतला आणि चावायचा थांबला. तेल होतं, भात होता, उकडल्यासारखा कोबी होता. बोंग-जा कुठेच नव्हती. आता ती कुठल्या डब्यातही नव्हती. त्याला रडू आलं, आणि दादा समोर असूनही त्याने ते लपवलं नाही.

"चांगला झालाय, बाबा," लेक म्हणाली. "आई येऊन जेवून गेली असेल."

"आली असेल गं," तो म्हणाला. "पण ही स्वतःच्याच हातची किमची आहे, हे तिला कळलं नसेल."