लई लुई आणि दोन अकबर

अभ्यासिकेत बोलायला बंदी असते. भिंतीवर ठळक अक्षरांत ‘शांतता राखा’ आणि त्याच भिंतीला टेकून आमचे मालक फोनवर मोठमोठ्यानं बोलत बसलेले! दिवसभर तोंड शिवून बसलं की संध्याकाळी चहाच्या टपरीवर सगळं एकदम बाहेर पडतं. आमचे किस्से असे तुंबून तुंबून जमा झालेत.

बीडात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आम्ही पाच जण. मी वडवणीचा, वैशाली माझ्याच गावची. गण्या चकलांब्याचा, सिद्धार्थ नेकनूरचा. अकबर मात्र बीडचाच. त्याच्या अब्बांचा स्टँडजवळ फळांचा गाडा. पाचही जणांना छळणारी गोष्ट एकच. इतिहासात एकाच नावाचे इतके राजे होऊन गेलेत, आणि पेपरात विचारतात तो नेमका आपण न वाचलेला!

०००

सिद्धार्थचं वाचन आमच्यात सगळ्यात दांडगं. एकदा तो गण्याला समजावत होता, “मौर्यांचा एक चंद्रगुप्त. मग कित्येक शतकांनी गुप्त घराण्यात चंद्रगुप्त पहिला. त्याचा नातू चंद्रगुप्त दुसरा.”

गण्यानं चहा खाली ठेवला. “म्हंजे पहिल्याच्या आधी बी एक हाय?”

“हाय ना.”

“मंग मौर्याचा काय झिरो नंबर हाय का बे?”

आम्ही हसलो आणि विसरलो. गण्या विसरला नाही. पुढच्या सराव परीक्षेत त्यानं झोकात लिहिलं : ‘चंद्रगुप्त शून्यावा’. क्लासच्या सरांनी बोलावून विचारलं, “हा कोण रे?”

“मौर्य, सर. पहिल्याच्या आधीचा!”

सरांनी मार्कही पहिल्याच्या आधीचेच दिले.

०००

फ्रान्सचा इतिहास निघाला त्या दिवशी गण्या वैतागूनच टपरीवर आला. “लई लुई झाले राव तिकडं! अठराव्यापर्यंत गाडी गेली. दुसरं नावच सुचत नव्हतं का बे कुणाला?”

सिद्धार्थ म्हणाला, “त्यातला सतरावा तर गादीवर बसलाच नाही. तरी त्याचा नंबर धरलाय.”

गण्याच्या परीक्षेचा नुकताच निकाल लागला होता. थोडक्यात हुकला होता बिचारा.

“नशीब बघा,” तो म्हणाला. “त्येचा न बसता नंबर लागला. आमी दरसाल बसतो, तरी नंबर लागत न्हाई!”

त्या दिवशीचा चहा सगळ्यांनी मिळून गण्याला पाजला.

०००

पोपचं आणखी वेगळं. निवडून आला की पोप नवं नाव घेतो, आणि ते नाव आधी कुणी घेतलं असेल तर पुढचा नंबर लागतो. जॉन नावाचे बरेच झाले. पण मोजणाऱ्यांचा कुठंतरी घोळ झाला, आणि एकोणिसाव्यानंतरचा जॉन एकदम एकविसावा! विसावा जॉन झालाच नाही.

हे मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. अकबरनं ताबडतोब विचारलं, “मतलब ती जागा अजून रिक्त हाय? जाहिरात कधी काढतेत?”

०००

वैशालीचं प्रकरण मात्र गंभीर होतं. घरच्यांनी बजावलं होतं, “ही शेवटची परीक्षा. स्थळ आलंय, पोरगं चांगलं हाय.” मुलाचं नाव बाजीराव.

बघण्याचा कार्यक्रम. बैठकीत दोन्हीकडचे मामे-काके दाटीवाटीनं बसलेले. मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या, असं कुणीतरी म्हणालं. वैशालीच्या डोक्यात आठवडाभर पेशवाई घोळत होती. एक बाजीराव लढायांत नाव काढणारा, दुसऱ्याच्या काळात पेशवाईच बुडाली. तिनं पोहे पुढं करत सहज विचारलं, “तुम्ही पहिले का दुसरे?”

मुलाच्या हातातला चमचा खाली पडला. “पहिलंच हाय ओ माझं! दुसरं म्हणून कुणी सांगितलं तुमाला?”

वैशालीनं इतिहास सांगायला तोंड उघडलं, तर मामांनी हातानंच थांबवलं. मुलाकडचे गेल्यावर ते म्हणाले, “पोरगं इतकं दचकलं कावून? चौकशी केल्याबिगर पुढं जायचं न्हाई.”

चौकशी चांगली पाच-सहा महिने चालली. त्यात काहीच निघालं नाही. मुलगा अगदी सरळ होता. पण तोवर वैशालीचा निकाल लागला. ती तलाठी झाली, आणि पहिल्यांदा घरात सगळे तिला विचारायला लागले, “तुझं काय म्हणणं हाय?”

०००

अकबर आता नायब तहसीलदार आहे, म्हणून त्याच्या मुलाखतीचं सांगायला हरकत नाही. तो त्याचा शेवटचा चान्स होता. पुढं वय बसत नव्हतं. सकाळी निघताना अब्बांनी गाड्यावरचं सगळ्यात चांगलं सफरचंद पुसून त्याच्या हातात दिलं. ते त्यानं खाल्लं नाही, खिशात तसंच ठेवलं.

पॅनेलच्या अध्यक्षांनी नाव वाचलं आणि हसून म्हणाले, “दिल्लीच्या तख्तावर अकबर दोन होऊन गेले. पहिला आणि दुसरा. तुम्हाला कोणासारखं व्हायला आवडेल?”

पहिला सगळ्यांना ठाऊक. दुसरा इंग्रजांच्या काळातला : हुकूम लाल किल्ल्याच्या भिंतीपर्यंत चालायचा, आणि घर चालायचं कंपनीनं बांधून दिलेल्या तनख्यावर.

अकबर म्हणाला, “दुसऱ्यासारखं, सर.”

पॅनेल चमकलं. “दुसऱ्यासारखं? का हो?”

“सर, आमच्या घरात आजपर्यंत कुणाला महिन्याच्या महिन्याला ठरलेला पैसा मिळालेला नाही. जोराचा पाऊस आला की अब्बांचा गाडा बंद, आणि गाडा बंद की घर बंद.”

मग अध्यक्षांनी चष्मा काढला. “आणि काम?”

“काम पहिल्यासारखं करतो, सर. तनखा तेवढा दुसऱ्याचा द्या!”