मालकाचा कान

आमच्या ट्रकचं इंजिन ठोकायला लागलंय हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, एक बाबा सोडून. दिवाळीच्या सुट्टीत मी लातूरहून नांदेडला घरी आले, तर ट्रक कोपऱ्यावर वळायच्या आधीच मला आवाज आला. टक् टक् टक्, आत बसून कुणी हातोडी मारत असल्यासारखा. बाबा खाली उतरले, दार आपटलं आणि म्हणाले, "कशी गुळगुळीत चालून राहिली बघ."

मी शाळेत शिकवते. न ऐकणाऱ्यांना तेच तेच सांगायची मला सवय आहे. पण बाबांपुढं मी कधीच हात टेकलेत.

ट्रक लई चाललेला. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि उतारवयात ही जुनी गाडी स्वतःच्या नावावर घेतली. हदगावकडचं सोयाबीन भरायचं, लातूरच्या मिलवर उतरवायचं, येताना जे मिळेल ते आणायचं. वाटेत कुठं चहा चांगला, कुठल्या वळणावर म्हशी बसतात, सगळं पाठ. सोयाबीनचा सीझन सुरू झाला होता आणि आईनं या वेळी निक्षून सांगितलं होतं, "इंजिन नीट झालं तर चालवा. न्हाई झालं तर गाडी विका आन् घरी बसा." बाबांनी "हाव" म्हटलं. बाबा घरी बसले तर काय होतील हे आईला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण रस्त्यात इंजिन फुटलं तर काय, हेही माहीत होतं.

आवाज म्हटला की आपल्याकडं प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. शेजारचे काका म्हणाले, दाट ऑईल टाका, आवाज दबतो. त्यांनीच टाकायला लावलं, आणि आवाज दबला नाही, सकाळी गाडी चालू व्हायची तेवढी बंद झाली. किराणा दुकानदार म्हणाला, डिझेलमध्ये भेसळ आहे. आमच्या आत्यानं लिंबू-मिरची बदलून दिली. आम्ही बाबासाहेबांचा फोटो लावून घरात वावरणारी माणसं, पण आत्याला कोण सांगणार? बाबा सगळ्यांचं ऐकून "हं, हं" करायचे. टीव्ही तर असा लावायचे की बातम्या समोरच्या घरालाही कळाव्यात. "ह्यांचं लक्षच नसतंय कशात," आई म्हणायची. शेवटी गाडी मिस्त्रीकडं न्यायचं ठरलं, तेव्हा तिनं मलाच पाठवलं. "तू जा संगं. न्हाईतर इंजिन ऱ्हाईल बाजूला, हे मिस्त्रीशीच भांडत बसतील."

लातूर रोडवरच्या त्या मिस्त्रींची एक रीत होती. पूर्वी उदगीरच्या कुणीतरी 'माझं चांगलं इंजिन उगाच उघडलं' म्हणून त्यांच्या दारात तमाशा केला होता. तेव्हापासून ते आधी मालकाचा कान लावून घेत. लांब पान्याचं एक टोक इंजिनवर, दुसरं मालकाच्या कानावर. मालकानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आवाज इथंच आहे. त्याशिवाय एक नट सैल होणार नाही. मिस्त्रींना स्वतःला काय वाटतं ते विचारलं, तर म्हणायचे, "गाडी तुमची, कान तुमचा, जबान तुमची. मी फक्त हात."

बाबांनी डोळे मिटून पाना कानाला लावला. वर लावला, खाली लावला. एखाद्या जुन्या वैद्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले, "खालून हाय. बेअरिंग गेली."

मिस्त्रींनी माझ्याकडं एकदा बघितलं. मला तर आवाज स्पष्ट वरून येत होता. मी म्हटलंही, "बाबा, वरून वाटतोय." बाबा म्हणाले, "तू शाळंत शिकव."

मग काय, खालचं चेंबर उतरवलं. दाट ऑईल बदाबदा वाहिलं, त्यात माझी नवी चप्पल गेली. मिस्त्री गाडीखाली झोपून एकेक बेअरिंग काढून पुसून दाखवत होते आणि सगळ्या धडधाकट होत्या. सगळं परत बसवलं, नवं ऑईल भरलं, गाडी चालू केली. टक् टक् टक्. बाबा म्हणाले, "बघ, गेला का न्हाई आवाज?"

माझं डोकंच फिरलं. सीझन चाललेला, मिलवाल्याचे फोन येत होते, आणि ह्या माणसाला भर दुपारी, कानाशी वाजणारा आवाज मान्य नाही! मला वाटलं, हा हट्ट आहे. गाडी विकावी लागू नये म्हणून आवाजच नाही म्हणायचं. मी तिथंच, परक्यांसमोर, बापावर ओरडले. बाबा माझ्या तोंडाकडं बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "बरं. हाय थोडा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दुसरी तऱ्हा केली. गाडी चालू ठेवायची आणि सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या नोझलचा एकेक पाइप सैल करायचा. पाइप सैल केला की ते एक सिलिंडर थंड पडतं. ज्याच्या वेळी ठोका थांबेल, दुखणं तिथं. "मामा," ते बाबांच्या कानाशी म्हणाले, "थांबला की मला हात करा."

पहिला पाइप. इंजिन लंगडलं, ठोका तसाच. बाबांनी मान हलवली, न्हाई. दुसरा, न्हाई. तिसरा सैल झाला आणि टकटक एकदम गेली. इतकी साफ गेली की बाहेर रस्त्यावर उभा असलेला रिक्षावाला वळून बघायला लागला. बाबा डोळे मिटून उभे होते. त्यांनी मान हलवली. "न्हाई. तसाच हाय."

मग त्यांनी डोळे उघडले आणि इंजिनकडं न बघता माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा वाचायला बघत होते. काल मी ओरडले तेव्हाही असंच बघत होते.

हट्ट नव्हता तो. जन्मभर इंजिनाच्या शेजारी बसलेल्या त्या कानांतून टोकदार आवाज निघून गेले होते, खालची घरघर तेवढी उरली होती. म्हणून दुखणं खाली. म्हणून टीव्ही. म्हणून सगळ्याला "हं, हं".

मिस्त्री पाना धरून थांबले होते. त्यांना मालकाचाच शब्द हवा होता. मी तीन बोटं वर केली. बाबांनी लगेच खणखणीत आवाजात सांगितलं, "तिसराच! मी म्हणलंच हुतं!"

मिस्त्रींनी तिसरं नोझल काढून पाचव्या जागी लावलं. ठोका पाचव्यावर गेला, म्हणजे पिस्टन-लायनर शाबूत, नोझलच खराब. नवं बसवलं आणि इंजिन खरंच गुळगुळीत चालायला लागलं. मिस्त्रींनी बाबांना नमस्कार केला, पण निघताना मला एवढंच म्हणाले, "ताई, घरी नीट जावा."

गाडी नांदेडकडं निघाली. बाबा खुशीत होते. सीझन मिळाला, गाडी राहिली. मागून एसटी हॉर्न देत होती, सारखी, जिवाच्या आकांतानं. बाबा रस्त्याच्या मधून शांतपणे चालले होते. मी म्हटलं, "बाबा, बाजूला घ्या." त्यांनी गाणं गुणगुणणं चालूच ठेवलं. शेवटी मी त्यांच्या खांद्यावर थापटलं आणि आरशाकडं बोट दाखवलं.

त्यांनी गाडी बाजूला घेतली. एसटी गेली, कंडक्टरनं खिडकीतून शिवी घातली ती मला ऐकू आली. बाबांनी गाडी तिथंच उभी केली, इंजिन बंद केलं. हात स्टेअरिंगवरच होते.

"आईला सांगशील?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. ऐकू गेलं नव्हतं. मग तेच मला परत, तोंड त्यांच्याकडं करून, मोठ्यानं म्हणावं लागलं.