एक्सेलमध्ये निवडलेला संघ
तळघर आवरताना लेकीचा बेसबॉलचा ग्लव्ह सापडला आणि चामड्याला चोळलेल्या तेलाचा वास नाकात शिरला. तो घेतला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिच्या मैत्रिणी इथे आमच्या र्युसेल्सहाइम शहरातल्याच साध्या संघात खेळायच्या; मी मात्र इंजिनिअरिंग कॉलेज निवडावं तसा एक्सेल तक्ता मांडून, गावोगावच्या स्पर्धा जिंकणारा संघ निवडला. "अरे, तिला विचार तरी," बायको म्हणाली. "तिला काय कळतंय?" मी खेकसलो. मग उन्हाळाभर दर शनिवारी दोन-दोन तास गाडी हाकली आणि दर शनिवारी ती राखीव म्हणून बाकावरच बसली. शेवटी माझं डोकं फिरलं, प्रशिक्षकाशी भांडायलाच निघालो, तर ती माझी बाही धरून जर्मनमध्ये एवढंच म्हणाली, "बाबा, घरी जाऊ या." खेळून खेळून मऊ पडायला हवं होतं ते चामडं आज दाबून पाहिलं, अजून दुकानातून आणल्यासारखं कडक आहे.