अण्णांच्या गाडीचं माप

अण्णांच्या वर्षश्राद्धाला आम्ही लातूरहून कंधारला निघालो आणि रिव्हर्समध्ये घरी परत आलो.

अण्णा म्हणजे माझे वडील. डावा गुडघा कामातून गेला, क्लच दाबणं जमेना, म्हणून त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. तीही जुनीच. ते गेल्यावर ती वर्षभर अंगणात धूळ खात पडली. आईचं एकच म्हणणं, "वर्षाचं हाय. एकदा त्यांच्याच गाडीतून त्यांचा फोटो गावाकडं, कंधारला न्यायचा." (वर्षभरात तिनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. जेवायलासुद्धा!)

गाडी गिअर बदलताना हिसके द्यायची. अण्णांचे मेकॅनिक सलीमभाई नांदेडचे. त्यांना फोन लावला.

"गिअरबॉक्स का तेल बदलना पडता. मैं परसों आतूं."

श्राद्ध उद्यावर! म्हटलं, मीच बदलतो.

"तो फिर जित्ता निकला उत्ताच डालना. कम नै, ज्यादा नै!"

एवढंच ना? मी स्वयंपाकघरातला मोठा डबा गाडीखाली लावला, जुनं तेल काढलं, डबा जपून पायरीवर ठेवला आणि नट आवळायला पुन्हा खाली शिरलो. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला!

त्या उन्हाळ्यात उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. पाणी मात्र होणाऱ्या जिल्ह्यातही नव्हतं आणि झालेल्यातही. टँकरचा काही नेम नसायचा; कधी रोज यायचा, या खेपेला नवव्या दिवशी आलेला. माझी बायको सुनंदा धावत सुटली. जाता जाता तिनं तो डबा उचलला, गटारीत पालथा केला आणि रांगेत लावला.

"अगं, त्यात माप होतं!" मी गाडीखालून ओरडलो.

"माप कुठलं, घाण होती!"

"पण किती होती?"

"अर्धा डबा... न्हाईतर पाऊण. मी काय बघत बसू? टँकर निघायलाय!"

मी अर्धा धरला आणि तेवढंच नवं तेल ओतलं. (शहाणा माणूस!)

सकाळी आई मागं बसली, मांडीवर अण्णांचा हार घातलेला फोटो. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी झक्कास गेली. चौकात मात्र इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं. पुढचा एकही गिअर लागेना. मागचा लागला! मग पाण्याच्या रांगेतल्या सगळ्या बायांदेखत मी अण्णांना उलटं घरी आणलं. आई फोटो पदराखाली धरून उतरली आणि स्टँडच्या वाटेला लागली. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी एस.टी.नं गेलो. पोचलो तेव्हा थोरल्या काकांनी नैवेद्य दाखवून टाकला होता. आईनं फोटो पदरानं पुसला आणि कोपऱ्यात बसून रडली. मला मान वर करवेना.

ठरल्या दिवशी सलीमभाई लातूरला आले. बॉनेट उघडून त्यांनी आतून एक लांब काडी ओढली.

"तेल इससे नापते, मियाँ. अण्णा हर महिने देखते थे. तुम कब्बी देखेच नै?"

मी दर दसऱ्याला त्याच बॉनेटवर झेंडूचा हार घालत आलो होतो. उघडून बघायचं कधी सुचलं नव्हतं.

काडी बघत बघत त्यांनी कमी पडलेलं तेल भरलं. गाडी पुढं सरकली. आई लगबगीनं फोटो घेऊन मागं बसली. मी पुढचं दार उघडलं.

"तू ऱ्हा," आई म्हणाली. "सलीमभाई नेतेत मला."

"आन मी?"

"टँकर यायचाय."

गाडी पुढं निघून गेली. मी रांगेत नंबर लावला. हातात तोच डबा होता!