मामाचा दाखला

बारावीनंतर तीन वर्षं मी मामाच्या गलाईच्या दुकानात काढली. आमच्या विट्याकडची बरीच माणसं देशभर हाच धंदा करतात, जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं. मामाचं दुकान तमिळनाडूत. ॲसिडमध्ये सोनं टाकलं की तांबूस धूर निघतो, तो थांबला की सोन्यात मिसळलेली चांदी सुटली असं समजायचं. तळाला तपकिरी भुकटी राहते. नवख्याला ती घाण वाटते, पण तेच सोनं असतं. हे मला मामानं शिकवलं, कधी जवळ बसवून, कधी मान धरून.

नंतर सांगलीत रसायनशास्त्राला प्रवेश घेतला. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. शेवटच्या वर्षी चार क्रेडिट कमी पडली. ती मिळाली नाहीत तर वर्ष वाया जाणार होतं, आणि पुढं शिकवणार नाही असं वडिलांनी आधीच सांगितलं होतं. अशात कळलं की कामाच्या अनुभवाचीही क्रेडिट मिळतात. मालकाचा दाखला लागतो आणि तोंडी परीक्षा होते.

मामाला फोन केला. दाखला आला: 'सदर मुलगा माझा सख्खा भाचा असून माझ्या घरी पोटच्या पोराप्रमाणे राहिला. त्यास मी कधीही नोकर समजलो नाही.' वाचून मला भरून आलं. मी तो तसाच जोडला.

तोंडी परीक्षेच्या समितीतल्या सरांनी तो मोठ्यानं वाचला.

"म्हणजे तुम्ही मामाकडे राहायला गेला होता. सुट्टीत सगळेच जातात. आंबे होते का?"

बाकीचे हसले. मीही हसलो, त्याची अजून लाज वाटते. धुराचं, भुकटीचं मी पाठ करून गेलो होतो, ते कुणी विचारलंच नाही. नोकर होता असं लिहून आणा म्हणाले.

मी मामाला पुन्हा फोन केला.

"नोकर लिवू तुला?"

"नुसतं कागदावर, मामा."

"बरं."

दुसरा दाखला एका ओळीचा होता. 'सदर इसम माझ्याकडे नोकर होता.' यावेळी धुराचा रंग विचारला, मी सांगितला. चार क्रेडिट मिळाली.

मे महिन्यात मामाच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात भाच्यांना कपड्यांचा आहेर चालला होता. मीही रांगेत होतो. माझी पाळी आली तेव्हा मामानं बाजूच्या ढिगातून टॉवेल-टोपी काढून माझ्या हातात ठेवली. दुकानातल्या गड्यांना दिली होती तीच.

"आवं मामा, मी..."

"तूच लिवून घेतलंस न्हवं? आता दोन्ही कसं हुईल रं?"

मागची मावसभावंडं हसली. आई मामाच्या शेजारीच उभी होती. मला म्हणाली, घाल टोपी, फोटो काढायचाय.