किटलीत पाणी असताना

ग्वालेग्वाय गावच्या सोडा कारखान्याचे सगळे मोठे निर्णय देल्मिरा बासानोच्या किटलीभोवती झाले, असं म्हटलं तर तिथली जुनी माणसं अजून मान डोलावतात. देल्मिरा नावाला चिटणीस. तिचं खरं राज्य ‘माते’ या तिकडच्या चहावर. भोपळ्याच्या वाटीत कडू हिरवा पाला, वर गरम पाणी, एकच नळी, आणि ती वाटी हातोहात फिरवायची. मालक डॉन आनिबाल यांचा दंडक होता: वाटी ज्याच्या हाती त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. पहिली कडूजहर वाटी मात्र ओतणारीनंच प्यायची असते. ती देल्मिरा बाहेरच पिऊन येई, त्यामुळे तिची बोलायची पाळी कधी आलीच नाही.

सकाळी रेडिओवर नवा अर्थमंत्री बोलला की दुपारी सोड्याचा भाव बदलायचा. बँकेनं हात आखडला की हिशेबनीस तुलिओ वाटी धरून रडगाणं लावायचा. मालक हसायचे, "पी लवकर, निवतंय. मंत्री जातील रे, लोकांची तहान कुठं जातेय?" मंत्री जातही, आणि तोटीच्या जाड बाटल्यांचे ट्रक गावभर खणखणत राहत. तो आवाज आठवला की देल्मिराला आजही भरून येतं. काय दिवस होते ते!

मग नव्या सरकारनं सीमा खुल्या केल्या आणि बाहेरची प्लास्टिकची बाटली आली, हलकी, पिऊन फेकून द्यायची. तसली यंत्रं घ्यायची तर मोठं कर्ज हवं, आणि बँका कर्ज देत ते बड्यांनाच. अशात माद्रिदच्या एका कंपनीनं कारखाना विकत मागितला. तिचा माणूस, सेन्योर ओल्मेदो, बोलणी करायला आला.

देल्मिरानं वाटी दिली. तो कसाबसा प्याला आणि परत करताना अदबीनं म्हणाला, "आभारी आहे." झालं! मातेच्या फेरीत आभार मानले म्हणजे माणूस फेरीतून उठला. पुढं वाटी त्याला वगळूनच फिरली. बिचारा तोंड उघडायला गेला की तुलिओ ओठांवर बोट ठेवी.

"विकून टाका, डॉन आनिबाल," तुलिओ आपल्या पाळीला म्हणाला. "आज ते मागताहेत. उद्या फुकट दिला तरी घेणार नाहीत."

देल्मिरानं त्या दिवशी पहिली वाटी बाहेर प्यायली नव्हती, मुद्दामच; तिची पाळी अजून शिल्लक होती. आता तिनं वाटी भरली आणि स्वतःच्याच हातात ठेवली. सगळे बघतच राहिले.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "विकल्यावर बाटल्या इथंच भरणार ना? गावातली माणसं कामावर राहणार ना?"

मालक म्हणाले, "पाहुण्यांना द्या वाटी. सांगू दे त्यांना."

ओल्मेदोनं वाटी घेतली आणि खाली बघत म्हणाला, "भरणं तिकडं लांब, कोर्दोबा शहरात होईल, बाई. इथं नुसतं गोदाम राहील."

"ऐकलंत ना?" देल्मिरा मालकांना म्हणाली. पुढची वाटी त्यांची होती. ती तिनं भरून दिली. किटली रिकामी होईपर्यंत डॉन आनिबाल कधी फेरीतून उठले नव्हते, दुष्काळात नाही, संपात नाही, बायको गेली त्या आठवड्यातही नाही. ते सावकाश, तळापर्यंत प्याले. मग तिच्याकडे न बघता त्यांनी वाटी परत केली.

"आभारी आहे, देल्मिरा."

किटलीत अजून निम्मं पाणी होतं.