तपशील नाही

इस्पितळात मला सगळे नंबरबुवा म्हणतात. बुवा म्हणावं असं माझ्यात काही नाही, ना दाढी ना ज्ञान. पण माणसाच्या प्रत्येक दुखण्याला एक ठरलेला कोड नंबर असतो, आणि तो रुग्णाच्या नोंदीत बरोबर बसला आहे की नाही हे पाहायची नोकरी मी आयुष्यभर करत आलो आहे. मी कधी कुणाची साधी शिंकसुद्धा बरी केलेली नाही. तिला नंबर मात्र चोख दिला आहे.

या कामाने माणूस घरात राहायच्या लायकीचा उरत नाही. शेजारचे काका गुडघा दुखतो म्हणाले की मी विचारणार, डावा की उजवा? आधीही दुखला होता की पहिल्यांदाच? ते बिचारे दोन गोड शब्दांची वाट बघत उभे. मेहुणा तर चारचौघांत सांगतो, आमच्या दाजींना ताप आला तर ते आधी यादी बघतात आणि मग अंथरूण धरतात. मी हसून घेतो, कारण ते खरं आहे.

कोड एकदा ठरले म्हणजे ठरले, असं असतं तर मी कधीच सुखी झालो असतो. पण वैद्यकशास्त्र शहाणं होत जातं आणि दर काही वर्षांनी वरून नवी यादी येते. काही जुने कोड निवृत्त होतात, काही एकमेकांत मिसळतात, आणि काहींना फाटे फुटतात. मग आम्ही तक्ता मांडतो, जुना कोड डावीकडे आणि त्याच्या जागी आलेला नवा उजवीकडे. एकाला एक असेल तर संगणक सगळं परस्पर उरकतो. फाट्यांचं तसं नाही. एका जुन्याचे दोन-तीन नवे झाले, तर कुठला रुग्ण कुठल्या कोडात जायचा हे माणसाने बघून ठरवावं लागतं. नाहीच ठरलं तर शेवटी एक कोड असतोच, 'तपशील नाही'. मला तो फार आवडतो. भाजी काय करू, असं बायकोने विचारलं तरी माझं उत्तर साधारण तेच असतं.

यंदाच्या यादीत असाच एक फाटा निघाला. पूर्वी पोटातलं मूल गेलं की महिना कुठलाही असो, कोड एकच. नव्या यादीने त्याचे दोन केले. सुरुवातीच्या महिन्यांत गेलं तर गर्भपात, आणि शेवटच्या महिन्यांत गेलं तर मृत जन्म. या दुसऱ्यात तो जन्म धरतात आणि आईच्या बाळंतपणांच्या आकड्यात मिळवतात. पहिल्यात नाही. शनिवारी नवी यादी चालू व्हायची होती, आणि तोवर ज्या नोंदींचा निकाल लागणार नाही त्या सगळ्या 'तपशील नाही'मध्ये जाणार होत्या. ही शक्कल अर्थातच माझी.

आमच्या कामाच्या यादीत नावं नसतात, नुसते नोंदणी क्रमांक असतात. मंगळवारी चहा पीत पीत मी खाली सरकत होतो आणि एका क्रमांकावर थांबलो. तो मला पाठ होता. बायकोचं इस्पितळाचं कार्ड वर्षानुवर्षं माझ्याच पाकिटात असतं.

घरच्या माणसाची नोंद आपण हाताळायची नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे. मी खुर्ची मागे सरकवली आणि शेजारच्या टेबलावरच्या सिस्टरना हाक मारली. त्या पूर्वी वॉर्डात होत्या. पाठ कुरकुरायला लागली म्हणून आमच्या विभागात आल्या, पण नाव सिस्टरच राहिलं. त्यांनी नोंद उघडली आणि जुन्या कागदाचा शोध घेतला. तो मुदत संपल्यावर बाकीच्या गठ्ठ्यांबरोबर नष्ट झालेला होता. मी म्हणालो, सातवा महिना सरला होता, मला माहीत आहे, लावा दुसरा कोड. त्यावर सिस्टर म्हणाल्या की रुग्णालाच विचारून लावायचा, असं तुम्हीच परवा सगळ्यांना बजावलंत. बाकीच्या बायकांना त्या स्वतः फोन करत होत्या. हिला मी घरीच विचारतो, असं मी मोठ्या ऐटीत सांगून टाकलं.

विचारायचं म्हणजे काय, ते घराच्या पायऱ्या चढताना लक्षात आलं. पोटातच गेलेल्या आमच्या त्या पहिल्या मुलीबद्दल आम्ही दोघं इतक्या वर्षांत चकार शब्द बोललो नव्हतो. नंतर मुलगा झाला, तो मोठा होऊन नोकरीलाही लागला. तो विषय टाळायची आम्हाला इतकी सवय झाली की टाळतोय हेसुद्धा कळेनासं झालं. निदान मी तरी तसं धरून चाललो होतो. मंगळवार गेला, बुधवारही गेला, आणि मी नुसता घसा खाकरत घरभर फिरत राहिलो.

गुरुवारी संध्याकाळी बायको शिलाईच्या टेबलापाशी कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसली होती, ओठांत टाचण्या. तिला बोलता येणार नाही अशी वेळ मी मुद्दाम गाठली, इतका मी शूर. सुरुवात केली ती थेट याद्यांच्या इतिहासापासून. यादी कोण ठरवतं, ती का बदलते, जुनी नोंद न पुसता नवी तिच्या शेजारी कशी ठेवतात. ती मुकाट्याने टाचण्या लावत होती. मी फाट्यांपर्यंत आलो तेव्हा तिने उरलेल्या टाचण्या तोंडातून काढून डबीत टाकल्या आणि विचारलं, तुमच्या तपासणीत काही निघालंय का, निघालं असेल तर सरळ सांगा. मलाच काहीतरी झालंय असं तिला वाटलं होतं.

मग मी सरळ सांगितलं. दोन वाक्यांत झालं.

तिने पँटच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"त्या दुसऱ्यात ती जन्मली असं धरतात?"

"हो."

"मग माझी बाळंतपणं किती दिसतील?"

"दोन."

"डॉक्टर दर वेळी विचारतात," ती म्हणाली. "मी दोन म्हणते. आणि तुम्ही मागून एक म्हणता."

म्हणत होतो. नोंदीत एक होतं, म्हणून एक. डॉक्टरांकडे चुकीची माहिती जाऊ नये याची केवढी ती माझी काळजी. आणि ती दर वेळी गप्प बसत आली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कुठे बघावं कळेना, म्हणून मी टाचण्यांच्या डबीकडे बघत बसलो.

"मी तिला मांडीवर घेतलं होतं," ती म्हणाली. "केस चांगले दाट होते. सांगा त्यांना, दुसरा लावा म्हणावं."

शुक्रवारी सकाळी मी तिचा निरोप सिस्टरना दिला. त्यांनी नोंद उघडली, नवा कोड लावला आणि पुढे अडल्या. कागद नसेल तर रुग्णाच्या शब्दाला आणखी एकाचा दुजोरा लागतो. तो कोण देणार, असं त्यांनी विचारलं. मी देतो म्हणालो. घरच्या माणसाने दिला तर चालतो का हे त्यांनी नियमात पाहिलं, चालत होतं. त्यांनी माझं नाव घातलं.

"नातं?"

'पती' म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. तिच्या इस्पितळाच्या कागदांवर आजवर मी तेच लिहीत आलोय.

"बाप," मी म्हणालो. "मुलीचा बाप."

सिस्टरनी माझ्याकडे न बघता ते तसंच लिहिलं.